अर्ध्या सुराचं घर

"त्या दिवशी तुझ्या तारा उतरलेल्या होत्या बरं का," काका म्हणाला आणि सँडविचचा उरलेला तुकडा तोंडात कोंबून मोकळा झाला. बोललाही अगदी सहज, जसं कुणी सांगावं की तुझ्या बाहीचं बटण तुटलंय. तालमीच्या मधल्या सुट्टीत दोघं सभागृहाच्या मागच्या जिन्यावर बसले होते. काका काही नात्यातला नव्हे. वाद्यवृंदातला जुना चेलोवाला, तिच्याच स्टँडवर बसणारा, पान उलटताना दर वेळी बोटाला थुंकी लावणारा. पहिल्याच दिवशी त्यानं तिचं नाव घरकोंबडी ठेवलं होतं, कारण तिनं शाळेचं तोंडच पाहिलेलं नव्हतं. व्याकरण, भूमिती, पाठांतर, चेलो, जे काही तिला येत होतं ते सगळं आईबाबांनी घरातल्या एका जेवणाच्या टेबलाभोवती शिकवलेलं. "कुठल्या दिवशी?" तिनं विचारलं. "अगं चाचणीच्या. तू पडद्याच्या पलीकडे, आम्ही परीक्षक अलीकडे. तू पहिलाच गज ओढलास आणि आमच्या ओबोवालीनं मला चिमटा काढला, म्हणाली, अर्धा सूर खाली आहे ही, बरोब्बर अर्धा. आम्हाला वाटलं, पोर घाबरलीय, तारा सैल राहिल्यात. पण आवाज! असा दाट, गडद आवाज की संचालक डोळे मिटून बसला. मी म्हटलं, सुराचं काय, उद्या चढवेल. आवाज कुठून आणणार?" मग त्यानं हात झटकले, पावाचे कण जिन्यावर सांडले आणि तो पाणी प्यायला उठला. ती बसून राहिली. तिला काहीच वाटलं नाही. एवढंच झालं, की जिन्याचा कठडा, खालच्या बोळातल्या सायकली, समोरच्या भिंतीवरचा पाण्याचा ओघळ हे सगळं जरा लांब गेलं, आणि डाव्या हाताच्या बोटांची टोकं, जिथे तारांनी घट्टे पाडले होते, ती आणखीच बधिर झाली.

तारा सैल नव्हत्या. हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी पडद्याआड बसून तिनं कानानं तारा जुळवल्या होत्या, नेहमीसारख्या, कुणाची मदत न घेता. तिला लागतच नाही मदत. कुठलाही सूर कानावर पडला की त्याचं नाव तिच्या डोक्यात आपोआप उमटतं, जसं आपल्याला लाल रंग दिसला की लाल म्हणून वेगळं ठरवावं लागत नाही. चमचा पडला की त्याचं नाव, दार करकरलं की त्याचं नाव. तीन वर्षांची असताना ती म्हणे ताटलीवर ताटली आपटायची आणि पियानोवर जाऊन नेमकी तीच पट्टी दाबायची, आणि बाबांनी तिला खांद्यावर घेऊन अख्ख्या घरात नाचवलं होतं. त्या कानाच्या जोरावर तिनं जुळवलेली तार चूक? मग गेले तीन आठवडे जे चाललं होतं त्याचा अर्थ उलटा होता तर. पहिल्या तालमीला ओबोवालीनं आपल्या सनईसारख्या वाद्यावर सूर धरला, सगळ्यांनी आपापली वाद्यं त्याला मिळवायची असतात तो सूर, तेव्हा ती चमकली होती. हा तो सूर नव्हेच. त्याच्या वरचा. तिला वाटलं, ही यांची रीत असेल, काही ठिकाणी उंच जुळवतात असं वाचलं होतं तिनं. तिनं निमूटपणे खुंट्या पिळल्या, तारा चढवल्या. आणि तेव्हापासून कागदावर एक दिसायचं, कानाला दुसरं ऐकू यायचं. डोळे म्हणायचे हा सूर, कान म्हणायचे छे, त्याच्या शेजारचा. बोटं मध्ये सापडलेली. एखाद्यानं आपल्या घरातली सगळी खुर्च्याटेबलं वीतभर सरकवून ठेवावीत आणि आपण दिवसभर ठेचकाळत फिरावं, तसं चाललं होतं तिचं. पण वाजवत होती. हाडाची शिस्त होती ना, बाबांनी घोटवलेली. जगच जरा उंच आहे, त्याला आपण काय करणार, अशी मनाची समजूत घालून ती वाजवत होती.

तालीम सुरू व्हायच्या आधी ती बाजूच्या खोलीत गेली. तिथे एक काळा पियानो होता, त्यावर कुणाची तरी ओली छत्री ठेवलेली. तिनं पट्टी दाबली. बाबांच्या पियानोवर जिचं जे नाव, ते तिथे नव्हतं. डावीकडून दाबली, उजवीकडून दाबली, वरची, खालची. सगळी पट्ट्यांची रांग एकेक घर पुढे बसलेली. एक ओबोवाली खोटं बोलेल, एक सभागृह विचित्र असेल. आता हा पियानोही. दुकानातून ऐकू येणारी गाणी आठवली. लहानपणी तिनं बाबांना विचारलं होतं, की दुकानातली गाणी नेहमी चुकीच्या सुरात का असतात, आणि बाबा हसून म्हणाले होते, "गिऱ्हाइकानं लवकर उरकावं म्हणून जरा वेगानं लावतात गं, वेग वाढला की सूर चढतो." किती शहाणं उत्तर होतं. तिनं ते आजवर तपासलंसुद्धा नव्हतं. घरात रेडिओ नव्हता, तबकड्या नव्हत्या. दुसऱ्याचं ऐकून आपलं बिघडतं, असं बाबांचं म्हणणं. तिनं छत्री उचलून नीट कडेला उभी केली, पियानोचं झाकण लावलं आणि ती आत जाऊन बसली.

तालीम संपल्यावर संचालकानं तिला थांबवलं. किडकिडीत माणूस, सतत घसा खाकरणारा, चांगलं बोलायचं असलं तरी रागावल्यासारखा दिसणारा. "हे बघ," तो म्हणाला, "तुला घेतलं ते त्या आवाजासाठी. दुसऱ्या भागात एकट्या चेलोची ओळ आहे, ती मी तुझ्यासाठी धरून ठेवलीय. पण तीन आठवडे झाले, तो आवाज काही मला परत ऐकू आला नाही. वाजवतेस स्वच्छ. स्वच्छ वाजवणारे मला रस्त्यावर मिळतात. उद्या सकाळी ये, कुणी नसेल, फक्त तू आणि ती ओळ. आवाज सापडला तर जागा तुझी. नाहीतर मला दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस." तिला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटायला हवं होतं, हे तिला कळत होतं. ती जागा तिला हवी होती, किती हवी होती! आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरचं असं काही, जिथे सकाळी कुणीतरी तिची खुर्ची मांडतं आणि काका तिच्या नावानं शंख करतो की घरकोंबडे, गजाला लावायची राळ कुठे ठेवलीस माझी. ती जागा गेली तर ती पुन्हा त्या टेबलापाशी जाऊन बसणार, आणि यापुढे उठणार नाही, हेही तिला स्वच्छ दिसत होतं. पण दिसत होतं ते काचेपलीकडे. तिनं "बरं" म्हटलं आणि चेलो खोक्यात घालून पाठीवर मारला. तो आवाज कुठे गेला हे तिला आता कळलं होतं. आवाज तिचा नव्हताच. सैल तारांचा होता. तारा अर्धा सूर उतरवल्या की चेलो पोटातून बोलतो, जरा आळसावल्यासारखा, झोपेतून उठल्यासारखा; ताणल्या की त्याचा गळा आवळतो. एवढंच. यात कौतुक करण्यासारखं काय होतं?

घरापर्यंत ती चालत गेली. रस्त्यावर संध्याकाळची गर्दी, पाठीवरच्या खोक्यामुळे लोक वाट देत होते, एका बाईनं पोराला सांगितलं, बघ, केवढी मोठी गिटार, आणि तिनं नेहमीसारखी दुरुस्तीही केली नाही. तिला मामाची आठवण येत होती. आईचा भाऊ, धातूची बासरी वाजवणारा, मोठ्या तोंडाचा, मोठ्या हसण्याचा. एकदाच आला होता घरी मुक्कामाला, ती आठ-नऊ वर्षांची असेल. जेवणं झाल्यावर म्हणाला, चला, सगळे मिळून वाजवू. बाबांनी व्हायोलिनचा थोरला भाऊ शोभेल असा आपला व्हायोला घेतला, आई पियानोवर बसली, ती तिच्या छोट्या चेलोवर. आणि पहिल्याच ओळीला जे काही झालं! मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसं. मामा थांबला, बासरी पुसली, नळी आत ढकलली, बाहेर ओढली, पुन्हा फुंकली. पुन्हा तेच. ती हसून हसून जमिनीवर लोळली होती. मामाला वाजवता येत नाही! इतकी वर्षं वाजवतोय आणि सूर लागत नाही! बाबा शांतपणे म्हणाले, "प्रवासात थंडीनं बिघडली असेल तुझी बासरी." मामानं फक्त आईकडे पाहिलं. आई पियानोच्या पट्ट्यांकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा गेला, जाताना तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "तुझा कान सोन्याचा आहे गं पोरी, जप." त्याच्या आवाजात काहीतरी होतं, ते तिला तेव्हा कळलं नाही, आज सिग्नलला उभं असताना कळलं, की त्याला तिची कीव येत होती. त्यानंतर मामा कधी आला नाही. विषय निघाला की आई उठून भांडी आवरायला लागायची.

आणि तो पियानो जुळवणारा. तो तर तिच्या आठवणीच्या अगदी तळाशी होता, नुसती पाठ दिसायची त्याची, पियानोच्या पोटात वाकलेली. बाबांनी तो पियानो कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातून फुकटात मिळवला होता आणि चौघं हमाल लावून वर चढवला होता. जुळवणारा म्हणाला होता, आतल्या लोखंडी चौकटीला तडा आहे, तारा पूर्ण ताणल्या तर ती फुटेल. बाबा म्हणाले, "जेवढ्या झेपतील तेवढ्या ताणा." असं काहीतरी. ती तेव्हा टेबलाखाली बसून पाव खात होती, म्हणून तिला ऐकू आलं. त्या शब्दांचा अर्थ तिनं कधी लावलाच नव्हता. का लावावा? आकाश किती उंचीवर टांगलंय याची चौकशी कुणी करतं का? त्या पियानोला बाबांनी आपला व्हायोला मिळवला, त्या व्हायोलाला तिचा चेलो, आणि पुढे सात वर्षांपूर्वी धाकटी बहीण भिंगरी जन्मली तेव्हा तिच्या कानावर पडलेला पहिला सूरही त्याचाच. घरात सगळे एकमेकांशी अगदी बिनचूक सुरात होते. कधी खटका नाही. पाहुणे म्हणायचे, काय घर आहे! बाबा घरीच बसून शहराच्या गटारांचे नकाशे काढायचे, रेघा अशा की कागदाला श्वास घ्यायची भीती वाटावी, आणि नकाशावरून डोकं न उचलता पलीकडच्या खोलीत तिचं चुकलेलं बोट पकडायचे. "दुसरं बोट. पुन्हा." सकाळी जुन्या भाषेची रूपं, मग भूमिती, मग वादविवाद, ज्यात आपल्याला न पटणारी बाजू मांडायची. मग चेलो. जेवण. पुन्हा चेलो. बाबांना तरुणपणी संगीतशाळेतल्या एका मास्तरानं भर वर्गात गज हिसकावून घेऊन बाहेर काढलं होतं. आपल्या मुलींना कुणी हिसकावू नये, एवढंच त्यांना हवं होतं. ते तिच्यावर कधी ओरडले नाहीत. तापात असताना रात्ररात्र कपाळावर पट्ट्या ठेवल्या. त्यांच्यावर रागवायचं तर कुठून सुरुवात करायची, हेच तिला सुचत नव्हतं. भूमितीत बाबा म्हणायचे, आधी गृहीत काय ते सांग. गृहीत चुकलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या बरोबर येतात, आणि उत्तर येतं ते चूक. गंमत म्हणजे बाबाच म्हणायचे.

दार भिंगरीनं उघडलं. घरचं नाव भिंगरी, कारण चालताना ती सरळ चालतच नाही, स्वतःभोवती एक फेरी मारून पुढे जाते. "ताई आली! आम्ही थांबलोय कधीचे!" हातात तिचं छोटं व्हायोलिन, हनुवटीखाली लाल व्रण. आईनं सूप गरम करून पुढे ठेवलं. आई गल्लीच्या टोकाच्या दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना थांबा म्हणते आणि आत पाठवते. घरी आली की फारसं बोलत नाही, दिवसभराचे शब्द तिथेच संपत असावेत. "कसं झालं?" बाबांनी विचारलं. तिनं सांगितलं. संचालक काय म्हणाला ते सगळं सांगितलं, आपला आवाज कुणा तिसऱ्याच मुलीबद्दल बोलतोय असा येत होता. काकाचं बोलणं तिनं सांगितलं नाही. बाबा ऐकत होते, चष्म्याची काडी चावत. मग उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "होईल नीट. आणि नाहीच झालं तर घर आहेच की," ते म्हणाले. ती सूप पीत राहिली. घर आहेच. हे वाक्य ती जन्मल्यापासून ऐकत होती, आणि दर वेळी त्यानं तिला ऊब दिली होती. आज ते तिच्या पाठीवर चेलोच्या खोक्यासारखं बसलं.

रोजच्यासारखे चौघं वाजवायला बसले. जेवणानंतर एकत्र वाजवायचं हा घरचा नेम, ताप असो, पाहुणे असोत. आईनं पियानोवर सूर दिला. बाबांनी व्हायोला मिळवला, भिंगरीनं नाक वर करून व्हायोलिन. तिनं मोकळ्या तारेवर गज ओढला, आणि खोलीत ते झालं जे मामा आला होता तेव्हा झालं होतं. भिंगरी खदाखदा हसली. "ताई, चुकलीस! केवढी वर गेलीस!" तिचा हात आपोआप खुंटीकडे गेला. रोज जात होता, तीन आठवडे: घरी आलं की उतरवायच्या, सकाळी सभागृहात चढवायच्या, आणि तिनं त्यावर कधी विचारसुद्धा केला नव्हता, जसा चपला बदलण्यावर कुणी करत नाही. आज तेवढं राहून गेलं होतं. खुंटी फिरली, तार सुस्कारा टाकून खाली आली. तिनं गज ओढला. आणि तो आवाज आला. दाट, गडद, पोटातला. संचालकानं डोळे मिटून ऐकला होता तो. उद्याची ती ओळ तिनं हळूच वाजवली, आणि खोलीतली हवासुद्धा ऐकायला थांबली.

"हाच ना?" बाबा म्हणाले. "मग अडचण काय? उद्या एकटीच वाजवायचीयस ना? अशीच वाजव. उतरवून. मागच्या वेळी तरी कुणाला कळलं?"

ती बाबांकडे बघत राहिली. बाबा व्हायोलाची तार निरखत होते, अगदी सहज. मागच्या वेळी. म्हणजे चाचणीच्या दिवशी, सकाळी दारात उभं राहून त्यांनी तिची कॉलर नीट केली, म्हणाले, मोकळ्या मनानं वाजव. तेव्हा त्यांना ठाऊक होतं. दुकानातल्या गाण्यांच्या वेळी ठाऊक होतं. मामाची बासरी थंडीनं बिघडली तेव्हा तर होतंच होतं. तिला वाटलं आता काहीतरी फुटेल आत, रडू, किंचाळी, काहीही. काही फुटलं नाही. तिनं फक्त विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"आपण खाली आहोत."

"खाली-वर हे कशाच्या मानानं?" बाबांचा आवाज वादविवादाच्या तासाला असायचा तसा, मऊ आणि तयार. "सूर म्हणजे शेवटी करार. बाहेरच्यांनी एक केला, आपण एक केला. आपल्यात कधी बेसूर झालं का? सांग ना. एकदा तरी?"

"नाही."

"मग?"

पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या. इतकी वर्षं बाबांनीच शिकवलेल्या पायऱ्या. उत्तर आईकडून आलं, आणि तेही बोलून नव्हे. आई पियानोवरून उठली, आतल्या खोलीत गेली, आणि बटणांचा डबा घेऊन आली. डबा टेबलावर उपडा केला. रंगीबेरंगी बटणं घरंगळली, भिंगरी धावली वेचायला, आणि त्यांच्यात एक नादकाटा होता, वाद्यं जुळवताना ठरलेला सूर देणारा, दोन बोटांचा, लोखंडी, काळा पडलेला. "तो जाताना ठेवून गेला होता," आई म्हणाली. "मामा. म्हणाला, मुलीला दे. मी नाही दिला." आईनं तो गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा टेबलाच्या लाकडावर टेकवला. टेबल बोलायला लागलं. ज्या टेबलावर तिनं रूपं पाठ केली, कोन मोजले, पाव खाल्ला, तेच टेबल ओबोवालीच्या सुरात बोलत होतं. बारीक, न थरथरणारा, कुणाशी न भांडणारा सूर. "तेव्हा मला वाटलं," आई म्हणाली, "घर मोडेल." मग ती बाबांकडे वळली. "तुम्ही तिला उद्या पुन्हा तसंच पाठवणार?" बाबांनी चष्मा काढला. एवढा मोठा माणूस, आणि चष्म्याशिवाय त्याचे डोळे इतके लहान दिसत होते, की तिला त्यांची माया आली. आणि मायेबरोबर, कसं कोण जाणे, बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, झोपलेला हात जागा होताना येतात तशा.

"हा सूर खोटा आहे," भिंगरी टेबलाखालून म्हणाली. दोन्ही मुठींत बटणं होती. "आई, तो काटा मोडलाय."

"मोडलेला नाही गं," ताई म्हणाली.

"मग कोण मोडलंय?"

तिनं खुंटीला हात घातला आणि तार चढवली. हळूहळू, काटा टेबलावर पुन्हा पुन्हा टेकवत, चारही तारा. भिंगरीनं बटणं टाकून कान झाकले. "ताई, नको ना! दुखतंय मला! खाली ये!" सात वर्षांची होती, तिला खरंच दुखत होतं, हे ताईइतकं कुणाला कळणार? तीन आठवडे तिलाही हेच दुखत होतं, फक्त दुखतंय असं म्हणायची सवय नव्हती. उतरवाव्यात का? उद्या सकाळी उतरवून वाजवलं तर जागा मिळेल, हे उघड होतं. आणि परवा पुन्हा ओबोवाली सूर धरेल, आणि ती पुन्हा नव्वद माणसांत एकटी बसेल. तिनं गज उचलला. उद्याची ओळ सुरू केली, बाहेरच्या सुरात. आवाज पातळ येत होता, आवळलेला, सर्दी झालेल्या माणसासारखा. संचालकाला हा आवडणार नाही. कदाचित अजिबात आवडणार नाही. तिनं ओळ संपवली आणि पुन्हा सुरू केली. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. आई पियानोच्या स्टुलावर, हात मांडीत. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा वाजवताना तिला आपल्याच आवाजाच्या आत कुठेतरी, अगदी आत, तो गडदपणा हलल्यासारखा वाटला, की भास झाला. पण हात थांबला नाही.

भिंगरीनं कानांवरचे हात कधी काढले ते तिला कळलं नाही. तिनं पाहिलं तेव्हा भिंगरी व्हायोलिन हनुवटीखाली धरून उभी होती, भुवया आखडून. तिचं व्हायोलिन घरच्या सुरातलं, उतरलेलं. ही ओळ तिला ऐकून ऐकून पाठ होती. तिनं वाजवायला सुरुवात केली आणि पहिला सूर ताईच्या सुरावर जोरात आपटला, दोघींनी तोंडं वाकडी केली. भिंगरी थांबली. मग तिनं बोट तारेवर ठेवलं, नेहमीच्या जागी नव्हे. नखभर पुढे सरकवलं. आणखी जरा. शोधत, चाचपत, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसं. आणि सापडलं. दोन सूर एकमेकांत मिसळले, तिच्या चेलोचं पोट छातीला लागून थरथरलं. दुसरा सूर चुकला, मग बोट सरकलं, सापडला. तिसरा. प्रत्येक बोट आपल्या जन्माच्या जागेवरून थोडं पुढे.

"भिंगरी," बाबा खिडकीपाशी उभ्याउभ्याच म्हणाले, पाठ न वळवता, सवयीनं. "बोट चुकतंय तुझं."

"माहितीय," भिंगरी म्हणाली. "पण ताई तिथे आहे."

ताई रडायला लागली. गज चालूच होता, त्यामुळे ओळ काही तुटली नाही. दोघींनी ती शेवटपर्यंत वाजवली, मग भिंगरीला झोप आली, मग आईनं बटणं भरली. चेलो खोक्यात ठेवताना तिनं तारा तशाच राहू दिल्या.